घरोघरी नर्सिंग सुरू करताना : नव्या सिस्टरसाठी पहिल्या दिवसापासूनची वाट

घरची माझी पहिली केस लकव्याची होती. लातूरपासून तासाभरावरचं गाव, सत्तरीचे आबा, नाकातून नळी, लघवीची पिशवी. माझी ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ. नळीतून फीड (पातळ अन्न) कसं द्यायचं ते मी त्यांच्या सुनेला चार दिवस समोर बसवून शिकवलं. ती अगदी तयार झाली. पाचव्या दिवशी पहाटे फोन आला, आबांना धाप लागलीय, अंग तापलंय. रात्री त्यांच्याजवळ सून नसायचीच. तिला पहाटे चारला उठायचं असायचं, म्हणून आबांजवळ नातू झोपायचा. आबांनी खुणेनं पाणी मागितलं आणि पोरानं मायेपोटी, ते आडवे असतानाच, वाटीनं तोंडात पाणी घातलं. ते श्वासनलिकेत गेलं. आबा वाचले, पण आठ दिवस आयसीयूत काढून. मी त्या घरात चार दिवस होते आणि 'रातच्याला जवळ कोण असतं?' हे एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही घरात गेले की माझा पहिला प्रश्न तोच असतो. वॉर्डात आपल्यामागे दुसरी सिस्टर असते, डॉक्टर असतात, ऑक्सिजनची लाइन असते. घरी आपण निघालो की मागे फक्त घर उरतं. त्यामुळे घरच्या नर्सिंगचं अर्धं काम रुग्णाचं आणि अर्धं त्या घराला तयार करायचं. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी होऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि दवाखान्याऐवजी घरोघरी काम करू पाहणाऱ्या बहिणींसाठी आणि ब्रदरसाठी हे लिहिते आहे. घाटीतून (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयातून), लातूर-नांदेड-अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यांतून सुट्टी झालेले रुग्ण गावाकडं परततात तेव्हा घरी बहुतेक म्हातारी माणसंच असतात. पोरं पुण्याला. आपली गरज तिथं आहे.

आधी कागद

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असल्याशिवाय एकही केस घेऊ नका. कॉलेजचं प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. दुसऱ्या राज्यातून शिकून आला असाल तर इथली नोंदणी करूनच काम सुरू करा.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस (पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा) पूर्ण झालेत का ते बघा. विद्यार्थी असताना दोन घेऊन तिसरा राहून गेलेल्या कितीतरी मुली मला भेटल्या आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून काढून घ्या. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, आणि गावोगावी स्कूटीवर फिरणाऱ्या बाईला ते हवंच.

ब्युरोमार्फत (घरोघरी सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत) काम करणार असाल तर मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडं ठेवू नका. 'आमच्याकडं सगळ्यांचीच असतात' असं म्हणतात. माझी मूळ मार्कशीट आणि नोंदणीपत्र एका ब्युरोनं सात महिने अडकवून ठेवलं होतं आणि त्या काळात निघालेल्या शासकीय भरतीचा अर्ज मला भरता आला नाही. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत पिशवीत घाला.

काम ठरवताना

दोन गोष्टी पहिल्याच बोलण्यात स्पष्ट करा. एक, आपण सिस्टर आहोत की केअरटेकर. घरच्यांना हा फरक माहीत नसतो आणि त्यात त्यांचा दोष नाही. रुग्णाचे कपडे, रुग्णाची भांडी, रुग्णाचं अंथरूण हे आपलं काम. पाहुण्यांचा स्वयंपाक आणि घरभर झाडलोट हे आपलं नाही. हे गोड शब्दांत पहिल्या दिवशी सांगितलं तर कुणाला लागत नाही, आठव्या दिवशी सांगितलं तर लागतं.

दुसरं, पैसे. मराठवाड्यात घराकडं पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर किंवा उसाचं बिल निघाल्यावर. 'सिस्टर, बिल आलं की एकदमच देऊ' हे मनापासून म्हटलेलं असतं, पण ते बिल कधी येईल ते त्यांच्याही हातात नसतं. म्हणून महिन्याचा हिशोब ठेवू नका, आठवड्याचा ठेवा. ड्युटीचे तास, जाण्यायेण्याचा खर्च, आठवड्याची सुट्टी, सणाची सुट्टी, हातमोजे आणि ड्रेसिंगचं सामान कोण आणणार, हे सगळं एका कागदावर लिहून त्याचा फोटो दोघांच्याही व्हॉट्सॲपवर राहू द्या. गावची केस असेल तर शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारा आणि ड्युटी त्या हिशोबानं संपवा.

कपाटाच्या किल्ल्या, एटीएम, रुग्णाच्या अंगावरचे दागिने यांना हात लावू नका. आजीच्या बोटाला सूज येऊन अंगठी काढावीच लागली तर घरच्या माणसासमोर काढा, त्याच्या हातात द्या आणि वहीत लिहा.

पिशवीत काय असावं

बीपीचं मशीन, स्टेथोस्कोप, थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, टॉर्च, कात्री, मोजपट्टी. हातमोजे, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, नॉर्मल सलाईनची लहान बाटली, हँडरब (हातावर चोळायचं जंतुनाशक), ओआरएसची पाकिटं आणि थोडी साखर. वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकची, झाकणाची बाटली. दोनशे पानी वही.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं चाळिशीच्या वर पारा असतो, आणि बंद डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त. तापलेल्या पट्टीचं रीडिंग चुकतं आणि त्या रीडिंगवर कुणीतरी इन्शुलिन टोचतं. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश बघा, मेंदी बघा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, मग आकडा वाचा.

पहिली भेट : दोन तास काढूनच जा

पहिल्या दिवशी कामाला हात घालण्याआधी बसा. पाणी दिलं तर घ्या, चहा दिला तर घ्या. रुग्णाशी आधी बोला, घरच्यांशी नंतर. रुग्णाला बोलता येत नसलं तरी त्यांच्याकडं बघूनच बोला. बाबा, आजी, आबा, माय, त्या घरात जी हाक चालते ती विचारून घ्या आणि तीच मारा.

मग डिस्चार्ज कार्ड मागा. पूर्ण वाचा. त्यावरची औषधं आणि घरातली औषधं एकेक करून समोरासमोर मांडा. नव्वद टक्के लक्ष इथं द्या असं मी म्हणेन. घरात जुन्या डॉक्टरांच्या गोळ्या असतात, नव्या डॉक्टरांच्या असतात, शेजाऱ्याला गुण आलेल्याही असतात. बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, हे मी अनेकदा पकडलंय. पाकिटावरचं ब्रँडचं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. शंका आली की डॉक्टरांना फोन. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, स्वतःच्या मनानं चालूही ठेवू नका. डॉक्टरांनी फोनवर काही बदल सांगितला तर तो वहीत लिहा, त्यांना परत वाचून दाखवा आणि 'सर, व्हॉट्सॲपवर तेवढं टाकून ठेवा' असं म्हणा. कुणीही राग मानत नाही.

त्यानंतर रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत बघा. सगळे कपडे बाजूला करून. कानामागं, डोक्याची मागची बाजू, पाठ, माकडहाड, कुल्हे, टाचा. आधीच असलेली जखम पहिल्या दिवशी मोजून, लांबी-रुंदी लिहून, घरच्यांना दाखवून ठेवा. नाहीतर ती तुमच्या हातून झाली असं ठरतं.

आता घर बघा. रुग्ण कुठं झोपतो? बाजेवर असेल तर बाज मधोमध झोळीसारखी खाली गेलेली असते, सगळा भार माकडहाडावर येतो आणि एअर मॅट्रेसही तिच्यावर नीट बसत नाही. लाकडी पलंग किंवा बाजेवर टाकलेली सलग फळी चालते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना उभं राहायला जागा हवी, म्हणून भिंतीपासून सरकवा. संडास किती लांब आहे, मधे उंबरा आहे का, रात्री दिवा असतो का, ते चालून बघा.

आणि तो प्रश्न. रातच्याला जवळ कोण असतं? नाव विचारून थांबू नका, त्या माणसाला समोर बोलवा. तो सोळा वर्षांचा नातू असेल, स्वतः गुडघेदुखीनं बेजार आजी असेल. बीड-धाराशिवकडं दिवाळीनंतर घरची धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली असतात आणि मागं म्हातारं जोडपं आणि शाळेतली पोरं राहतात. आज तयार केलेलं माणूस पुढच्या महिन्यात घरी नसेल, हे गृहीत धरून दुसरंही कुणी तयार करा. शिकवायचं ते असं: पहिल्या दिवशी तुम्ही करून दाखवा, दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून करा, तिसऱ्या दिवशी त्यांना करू द्या आणि तुम्ही हात मागं बांधून उभ्या राहा. 'समजलं का?' असं विचारलं तर सगळे 'हो' म्हणतात. 'मला करून दाखव' म्हणा.

वही

वही रुग्णाच्या उशाशी राहते, आपल्या घरी येत नाही. वेळ, बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन, शुगर, किती फीड गेलं, किती लघवी झाली, संडास झाली का, कोणत्या कुशीवर होते, काय औषध दिलं, कुणी दिलं. मागच्या पानावर मोठ्या अक्षरात डॉक्टरांचा नंबर, १०८, गावातल्या गाडीवाल्याचा नंबर. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन चालू असेल तर प्रत्येक वेळी उरलेल्या गोळ्या मोजून आकडा लिहा.

जे केलं तेच लिहा, केल्यावरच लिहा. संध्याकाळी बसून दिवसभराचे आकडे आठवून भरायचे नाहीत. रात्रीच्या माणसालाही लिहायला लावा. लिहिता येत नसेल तर कूस बदलली की एक उभी रेघ ओढायला सांगा. एका माउलीनं अडीच महिने रोज अशा पाच-पाच रेघा ओढल्या आणि तिच्या नवऱ्याच्या पाठीवर एक लाल डागही आला नाही.

पाठ, नळी, पिशवी

कूस दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण कुशीवर वळवलं की कुल्ह्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागं उशी लावून तिरकं ठेवायचं, साधारण ३० अंश. टाचा अधांतरी राहाव्यात यासाठी पोटऱ्यांखाली घडी घातलेली वाकळ ठेवा. रबरी रिंग वापरू नका, तिच्या कडेनं रक्तपुरवठा तुटतो. रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढलं तर पाठीची कातडी घासते आणि आपल्या कमरेचंही वाटोळं होतं. जुनं सुती लुगडं चौघडी करून त्यांच्या खाली आडवं अंथरा, दोघांनी दोन बाजूंनी धरा आणि उचलून सरकवा. लाल झालेल्या जागी बोट दाबून बघा. दाबल्यावर पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे. तशीच लाल राहिली तर जखम सुरू झालीय, तिथं भार द्यायचा नाही आणि मालिश तर अजिबात नाही. उघड्या जखमेत हळद, चुना, टाल्कम पावडर घातलेली आढळेल. ओरडू नका. 'हळद स्वयंपाकातली आहे, तिच्यात धूळ असते, जखमेला तेवढं स्वच्छ सलाईन पुरे' असं सांगा आणि स्वतः धुऊन दाखवा.

नाकातली नळी असेल तर फीड देण्याआधी नळीवरची खूण नाकपुडीशी आहे का ते बघा आणि सिरिंजनं पोटातला रस येतो का ते तपासा. खूण सरकली असेल किंवा खोकल्याची उबळ येत असेल तर फीड द्यायचं नाही. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, आणि फीडनंतरही तासभर तशीच. एका वेळी २०० ते २५० मिली, सावकाश, सिरिंजचा दट्ट्या न ढकलता, आपोआप उतरू द्यायचं. आधी-नंतर पाण्यानं नळी धुवायची. मुगाच्या वरणाचं पाणी, गाळलेली ज्वारीची आंबील, ताक, नाचणीची पेज हे सगळं चालतं, पण आहारतज्ज्ञांनी किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण पाळून. किडनीचा रुग्ण असेल तर विचारल्याशिवाय काहीच नवीन नाही. एसआर, एक्सआर, सीआर असं लिहिलेल्या गोळ्या कुटून नळीतून देऊ नका. त्या हळूहळू विरघळायला केलेल्या असतात, कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. रुग्णाला एका जागेवरून दुसरीकडं नेताना पिशवी पोटावर ठेवायची सवय घराघरात असते, ती मोडा. साध्या लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलतात, सिलिकॉनची जास्त दिवस चालते, साधारण बारा आठवड्यांपर्यंत. कोणती घातलीय ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून तारीख वहीत लिहा.

घशाला छिद्र करून नळी ठेवलेला रुग्ण नवख्या सिस्टरनं एकटीनं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी अनुभवी सिस्टरबरोबर किमान आठवडाभर काम करा.

इन्शुलिन : इथं चूक होते

आपल्याकडं बाटलीतलं इन्शुलिन बहुतांशी ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीत ४०. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनातलं इन्शुलिन १०० युनिटचं, आणि १०० युनिटची सिरिंज नारिंगी टोपीची. औषधाच्या दुकानातून घाईत चुकीची सिरिंज आली तर डोस अडीच पट कमी किंवा अडीच पट जास्त जातो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी, मोठ्यानं वाचून, जुळवा. घरच्यांनाही हीच सवय लावा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरात असलेली बहुतेक इन्शुलिन साध्या तापमानाला २८ दिवस चालतात, मात्र आपल्या उन्हाळ्यातलं तापमान साधं नसतं. ज्या घरात फ्रिज नाही तिथं बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी माठात किंवा ओल्या कापडानं गुंडाळलेल्या मडक्यात, सावलीत ठेवा. गढूळ दिसणारं मिश्र इन्शुलिन तळहातात घोळवायचं, हलवायचं नाही.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रमजान. शुगरच्या रुग्णाचा उपवास हा आपल्या कामाचा भाग आहे. 'उपवास करू नका' म्हणून भागत नाही. तुमच्या पाठीमागं ते करतातच, आणि मग इन्शुलिन नेहमीचं आणि पोटात फक्त भगर. आठ दिवस आधी विचारा, 'आजी, येत्या एकादशीला काय करणार?' आणि डॉक्टरांकडून त्या दिवशीचा डोस लिहून घ्या. रोजा धरणाऱ्यांचं वेळापत्रक सेहरी आणि इफ्तारप्रमाणं डॉक्टरांकडून रमजान लागण्याआधीच बांधून घ्या. शुगर ७० च्या खाली गेली आणि शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८.

'सिस्टर, एक बाटली लावून द्या की'

ही विनंती येणारच. आधी घरातून, मग शेजारून, मग पारावरून. अंगात शीण आहे, उन्हानं गळून गेलंय, सलाईन लावलं की ताजंतवानं वाटतं. लोकांचा त्यावर खरोखर विश्वास आहे, आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय शिरेतून काहीही द्यायचा आपल्याला अधिकार नाही. नुसतं 'नाही' म्हटलं तर 'हिला येत नाही' असं ठरतं. मी हिशोब सांगते. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. एवढी साखर लिंबू सरबतात प्यालात तरी तेच काम होतं, आणि सुईतून होणारा जंतुसंसर्ग टळतो. हृदयाच्या, किडनीच्या म्हाताऱ्या माणसाला तीच बाटली भरभर गेली तर फुप्फुसात पाणी भरून जीव जाऊ शकतो, हेही सांगते. ओआरएसचं पाकीट हातात देते. पाकीट नसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

डॉक्टरांनी शिरेतून अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तरी पहिला डोस दवाखान्यातच झाला पाहिजे, यावर अडून राहा. रिॲक्शन आली तर घरी आपल्याकडं वेळ नसतो.

वीज, पाणी, ऊन

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र), सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं), एअर मॅट्रेस, तिन्ही विजेवर. गावात लाइट कधी जाते ते घरच्यांना तोंडपाठ असतं, विचारा. कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात भरलेला सिलिंडर पाहिजेच. १० लिटरच्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरनं तो बारा तास पुरतो, ५ लिटरनं पाचच तास. हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवा आणि सिलिंडर सुरू करायची चावी त्यालाच दोरीनं बांधून ठेवा. रात्रीच्या माणसाकडून अंधारात, टॉर्च धरून, एकदा सिलिंडर सुरू करून घ्या. दिवसा सगळ्यांनाच येतं. ज्या खोलीत ऑक्सिजन आहे तिथं देवाजवळची समई, उदबत्ती आणि विडी नको. जुन्या दमेकऱ्याला धाप लागली म्हणून घरचे ऑक्सिजन वाढवतात. पण अशा रुग्णाचं ऑक्सिमीटरवरचं लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ टक्केच असतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडा यंत्रावर चिकटवून ठेवा.

पाण्याचं तर आपल्याकडं काय सांगावं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आजही कितीतरी घरांत नळाला आठवड्यानं पाणी येतं. सिस्टरनं दहा वेळा हात धुतले तर घरची बाई काही बोलत नाही, पण हंड्याकडं बघते. म्हणून हात स्वच्छ दिसत असतील तेव्हा हँडरब वापरा. मळ, रक्त, संडास लागली असेल तर मात्र साबण-पाणीच, आणि तिथं कंजुषी नाही. तांब्यानं कुणालातरी वरून बारीक धार धरायला सांगितली तर एका तांब्यात नीट हात धुऊन होतात.

कोणत्या वेळी वाट बघत थांबायचं नाही

तोंड एका बाजूला वाकलं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघा आणि रुग्ण शेवटचा ठीक कधी होता ते लिहा. हा लकवा असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि गावातून सीटी स्कॅनच्या ठिकाणी पोचण्यात त्यातला बराच वेळ जातो. आधी जवळच्या डॉक्टरला दाखवू, मग बघू, यात संधी जाते. छातीत कळ, नव्यानं आलेली धाप, शुद्ध हरपणं, थांबत नसलेलं रक्त, सहा तासांत पिशवीत लघवीच नाही, थंडी वाजून ताप आणि त्यासोबत बीपी खाली, यांसाठीही वाट बघायची नाही. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर गावाचं नाव, तालुका आणि ओळखीची खूण सांगा आणि वही रुग्णाबरोबर पाठवा.

स्वतःसाठी

सुईला टोपण परत घालू नका, सरळ बाटलीत टाका. बाटली पाऊण भरली की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा केस ज्या दवाखान्याची आहे तिथं द्या, घंटागाडीत नाही. टोचलीच तर जागा पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्य तो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

दुसऱ्याच्या घरात एकटीनं काम करताना कधी कुणाचा हात मुद्दाम लागतो, कुणी नको ते बोलतं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२. रुग्ण आपल्यावाचून राहील म्हणून सोसत राहू नका. रुग्णाला त्याच क्षणी दुसऱ्या कुणाच्या हवाली करून निघता येतं. कोणत्या घरी आहात ते लोकेशनसकट आपल्या माणसाला रोज कळवत चला.

केस संपते तेव्हा

बरा होऊन उभा राहिलेला रुग्ण असेल तर शेवटच्या दिवशी रात्रीच्या माणसाकडून सगळं एकदा करून घ्या. उरलेल्या सुया घेऊन या, मुदत संपलेली औषधं काढून टाका, वही त्यांच्याकडं ठेवा.

आणि कधीकधी केस दुसऱ्या तऱ्हेनं संपते. श्वासामधलं अंतर वाढतं, पाय गार पडतात, लघवी कमी होते. हे आधी कळतं आणि घरच्यांना आधी सांगितलं पाहिजे, म्हणजे पुण्याचा मुलगा वेळेत निघतो. अशा वेळी फीडचा आग्रह नको. ओल्या कापसानं ओठ भिजवत राहा, कूस हलकेच बदला. घरच्यांना त्यांच्याशी बोलत राहायला सांगा. मृत्यू झाल्याचं जाहीर करणं आणि दाखला देणं हे डॉक्टरांचं काम, त्यांना बोलवा. नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची असते, ते दुसऱ्या दिवशी घरातल्या शांत माणसाला सांगा. डॉक्टर येऊन गेल्यावर आणि घरच्यांनी हो म्हटल्यावर नळ्या काढा. लघवीची नळी आत धरून ठेवणारा फुगा आधी रिकामा करा, नळीच्या तोंडावर किती मिली ते लिहिलेलं असतं. चिकटपट्टीचे डाग तेलानं पुसा, चेहरा ओल्या फडक्यानं स्वच्छ करा, केस विंचरा. मग बाजूला व्हा आणि रात्री जो जवळ झोपायचा त्याला पुढं बोलवा.